‘मला काय धाड भरलीय?’ : अण्णांचा स्कॅन आणि एक छोटासा गुणाकार



आज रेकॉर्डिंगला रात्रीचे साडेअकरा वाजलेत. दिवसभर शेजारच्या घरात माग चालू असतो, खटक-खटक, खटक-खटक. पैठणीच्या गावात राहून शांत खोली मागायची म्हणजे जरा जास्तच झालं. त्यामुळे मी येवल्यातल्या आमच्या माडीवर, सगळे झोपल्यावर, हळू आवाजात बोलतोय. इयरफोन असेल तर लावा.

विषय आहे फुप्फुसांचा कॅन्सर. थांबा, स्किप करू नका! मला माहितीये तुम्ही वीस-पंचवीस वर्षांचे आहात, बसमध्ये किंवा जिममध्ये ऐकताय, आणि हा विषय आपला नाही असं तुम्हाला वाटतंय. बरोबर आहे, तपासणी तुमची करायचीच नाहीये. ज्यांची करायची ते हे पॉडकास्ट कधीच ऐकणार नाहीत. ते आत्ता ओट्यावर बसून विडी पेटवत असतील. म्हणून तुमच्याशी बोलतोय.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. माझ्या घरात जे घडलं ते, आणि त्यानंतर मी जे वाचलं, विचारलं, ते सांगणार आहे. तुमच्या घरातला निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

संक्रांतीला खाली बसलेला माणूस

या आठवड्यात माझ्या मोठ्या काकांना जाऊन दोन वर्षं झाली. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो.

येवल्याची संक्रांत ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो. आमच्याकडे ती एक दिवसाची नसते. भोगी, संक्रांत आणि कर, तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर. हलकडी वाजत असते, आसारीवरून मांजा सुटत असतो, कोणाची पतंग कटली की गल्लीभर ओरडा. आणि दादा म्हणजे आमच्या गच्चीचे कॅप्टन. पतंग कुठल्या वाऱ्याला किती ढील मागते, हे मला त्यांनी शिकवलं.

2022 च्या संक्रांतीला दादा गच्चीवर आलेच नाहीत. खाली खुर्ची टाकून बसले. म्हणाले, “गुडघे धरलेत रे. तुम्ही उडवा.” आम्ही उडवली. आता आठवतं तेव्हा कळतं की गुडघ्यांचा काही संबंध नव्हता. जिना चढताना दम लागत होता त्यांना.

खोकला त्याच्याही आधीपासून होता. पण विडी ओढणाऱ्याच्या खोकल्याकडे घरात कोण लक्ष देतं? “त्यांचा तो नेहमीचाच आहे.” हे वाक्य आमच्या घरात मी स्वतः शंभरदा म्हटलंय.

मार्चमध्ये एक्स-रे काढला. त्यात सावली दिसली. थुंकीच्या तपासणीत टीबीचे जंतू सापडले नाहीत, तरी टीबीचं औषध सुरू झालं. एक महिना, दोन महिने, चार महिने. वजन उतरतच गेलं. ऑगस्टमध्ये थुंकीतून रक्त आलं, तेव्हा आम्ही नाशिकला नेलं. सीटी स्कॅन, मग बायोप्सी. फुप्फुसाचा कॅन्सर, आणि तो यकृतापर्यंत आणि हाडांपर्यंत पोचलेला. फेब्रुवारी 2023 मध्ये दादा गेले. एकसष्ट वर्षांचे होते.

मी इथे कोणावर खापर फोडायला बसलो नाहीये. आपल्याकडे टीबी इतका आहे की छातीत सावली दिसली तर डॉक्टरच्या मनात आधी टीबीच येणार, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. चुकलं ते पुढे. औषधाने फरक पडत नाहीये, थुंकीतही काही नव्हतं, तर मग हे आहे काय, असा दुसरा प्रश्न चार महिने कोणीच विचारला नाही. त्या ‘कोणीच’मध्ये मी पण आहे. प्रत्येक वेळी दवाखान्यात गाडीवर मीच त्यांना नेत होतो.

तपासणी आणि निदान, दोन वेगळ्या गोष्टी

दादा गेल्यावर मला एकच प्रश्न छळत होता. आधी कळलं असतं तर? म्हणजे खोकल्याच्याही आधी?

इथे एक फरक नीट समजून घेऊ. खोकला आहे, रक्त पडतंय, वजन उतरतंय, म्हणून डॉक्टरकडे गेलो आणि तपासण्या केल्या, तर त्याला निदान म्हणतात. काहीच त्रास नाही, माणूस ठणठणीत आहे, पण धोका जास्त आहे म्हणून आधीच शोधायचं, त्याला स्क्रीनिंग म्हणतात. मराठीत आपण दोन्हीला तपासणीच म्हणतो आणि गोंधळ तिथेच होतो.

शोधायचं का, याचं उत्तर आकड्यांत आहे. अमेरिकेतली आकडेवारी बघा. कॅन्सर फुप्फुसातच, एका जागी असताना सापडला तर पाच वर्षांनी दहापैकी साधारण सहा माणसं हयात असतात. शरीरात लांब पसरल्यावर सापडला तर दहापैकी एक. आणि आपल्याकडे बहुतेक लोक पसरल्यावरच पोचतात, दादांसारखे. कारण फुप्फुसाला आतून वेदना फारशी कळत नाही. गाठ लहान असते तोवर ती गप्प असते.

मग सोपं आहे ना? दरवर्षी सगळ्यांचा एक्स-रे काढायचा. मला पण हेच वाटलं होतं. पण हे करून बघितलंय लोकांनी. अमेरिकेत जवळपास दीड लाख लोकांवर मोठा अभ्यास झाला. अर्ध्यांचा दरवर्षी छातीचा एक्स-रे, अर्ध्यांचा नाही. 2011 मध्ये निकाल आला, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंत काही फरक नव्हता.

असं कसं? लवकर सापडलं तर फायदा व्हायलाच हवा ना?

मुंबईहून मनमाडला निघालेल्या गाडीत दोघं झोपलेत. एकाला इगतपुरीला जाग आली, दुसऱ्याला नाशिकरोडला. पहिल्याने मनमाडपर्यंतचा प्रवास जास्त वेळ ‘बघितला’. पण गाडी मनमाडला दोघांना घेऊन त्याच मिनिटाला पोचली. नुसतं लवकर कळलं म्हणजे आयुष्य वाढलंच असं नाही, कधीकधी फक्त काळजीचे दिवस वाढतात. लवकर कळल्यामुळे गाडीचा मार्ग बदलता आला, तरच फायदा. एक्स-रेमध्ये गाठ दिसेपर्यंत बऱ्याचदा मार्ग बदलायची वेळ निघून गेलेली असते.

म्हणून कुठल्याही तपासणीबद्दल विचारायचा खरा प्रश्न हा, की ही तपासणी केलेल्यांमध्ये मृत्यू कमी झाले का? किती केसेस सापडल्या हा प्रश्न नंतरचा.

लो-डोस सीटीने काय बदललं

2011 मध्येच अमेरिकेतल्या दुसऱ्या एका अभ्यासाचा निकाल आला. 53 हजारांहून जास्त माणसं, वय 55 ते 74, सगळे वर्षानुवर्षं भरपूर सिगरेट ओढलेले. अर्ध्यांचा तीन वर्षं दरवर्षी लो-डोस सीटी स्कॅन केला, अर्ध्यांचा एक्स-रे. सीटीवाल्या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी झाले. मग 2020 मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममधला अभ्यास आला. तिथे दहा वर्षांत पुरुषांमधले असे मृत्यू 24 टक्क्यांनी कमी झाले. या तपासणीने जीव वाचतात, हे दोन वेगवेगळ्या ठिकाणी सिद्ध झालं.

लो-डोस सीटी म्हणजे नेहमीच्या सीटी स्कॅनपेक्षा बराच कमी रेडिएशन वापरून काढलेला छातीचा स्कॅन. सुई नाही, उपाशीपोटी जायचं नाही. झोपायचं, श्वास धरायचा, काही सेकंदांत काम झालं. जगात कुठेही राहिलं तरी वर्षभरात जमिनीतून, हवेतून, आकाशातून जेवढं रेडिएशन माणसाला सरासरी मिळतंच, त्याहून याचं थोडं कमी असतं.

आता दुसरी बाजू. ही पॅकेज विकणाऱ्या जाहिरातीत ऐकायला मिळत नाही.

त्याच अमेरिकी अभ्यासात सीटीवाल्या गटात दर चार स्कॅनमागे जवळपास एका स्कॅनमध्ये काहीतरी संशयास्पद दिसलं. आणि अशा संशयास्पद निघालेल्या शंभरपैकी 96 वेळा तो कॅन्सर नव्हता! जुना डाग, छोटी गाठ, भरून आलेली जखम. पण ते कळेपर्यंत पुन्हा स्कॅन, कधी सुई घालून तुकडा काढणं, कधी ऑपरेशनसुद्धा. एक मृत्यू टाळायला साधारण 320 लोकांची तपासणी करावी लागली. त्या 320 मधल्या कितीतरी जणांनी फुकटची भीती सोसली.

हे सगळं अमेरिकेत. आपल्याकडे तर टीबी होऊन गेलेली माणसं गल्लीगल्लीत आहेत, त्यांच्या फुप्फुसांवर व्रण असतातच. म्हणजे आपल्याकडे खोट्या घंटा जास्त वाजणार. म्हणूनच ही तपासणी सरसकट सगळ्यांसाठी नाही. ज्याचा धोका मोठा, त्यालाच ती फायद्याची.

मग कोणासाठी? इथे येतो गुणाकार

अमेरिकेच्या 2021 च्या शिफारशीनुसार वय 50 ते 80, किमान 20 ‘पॅक-वर्षं’ सिगरेट ओढलेली, आणि अजून ओढत असाल किंवा सोडून 15 वर्षं झाली नसतील, तर दरवर्षी लो-डोस सीटी. पॅक-वर्ष म्हणजे रोज वीस सिगरेटचं एक पाकीट, असं एक वर्ष. रोज एक पाकीट वीस वर्षं, किंवा रोज दोन पाकिटं दहा वर्षं, दोन्ही झाले 20.

पण आमच्या सिन्नर-येवल्याकडे पाकीट कोण ओढतो? इथे विडी चालते. आपल्याकडचे डॉक्टर एक सोपा हिशोब वापरतात. दिवसाला किती विड्या किंवा सिगरेटी, गुणिले किती वर्षं. उत्तर 300 च्या वर गेलं की जास्त धूम्रपान करणारा. बस, एवढंच.

“विडी छोटी असते हो, त्यात तंबाखू कितीसा!” हे वाक्य तुम्ही ऐकणार आहात, म्हणून उत्तर तयार ठेवा. तंबाखू कमी असतो हे खरंय. पण तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, विडी विझू नये म्हणून जोरात आणि सारखी ओढावी लागते. धूर छातीत सिगरेटइतकाच, कधी जास्तच जातो. विडीने फुप्फुसाचा कॅन्सर होतो, यात आता शंका राहिलेली नाही.

दादांचा हिशोब मी नंतर केला. रोजच्या वीस विड्या, चाळीस वर्षं. आठशे. आठशेचा माणूस आमच्या घरात रोज समोर बसत होता आणि आम्ही कोणी गुणाकार केला नव्हता.

मग मी वहीचं पान उलटलं आणि वडिलांचा केला. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. एकोणिसाव्या वर्षी पहिली विडी, पंचावन्नाव्या वर्षी दादांच्या दहाव्याला घाटावर शेवटची. छत्तीस वर्षं, रोजच्या पंधरा. पाचशे चाळीस.

“मला काय धाड भरलीय?”

तो विषय काढायला मला वर्ष लागलं. शेवटी एकदा जेवताना बोललो.

“अण्णा, नाशिकला जाऊन एक स्कॅन करून घेऊ.”

“कशाला? मला काय धाड भरलीय?”

“काही झालं नाहीये म्हणूनच.”

“वा रे वा! दुखत नाही, खुपत नाही, आणि दवाखान्यात जायचं? विडी सोडली ना मी. आता आणखी काय पाहिजे तुम्हाला?”

खरं सांगू? त्यांचा राग समजत होता. त्यांना स्कॅनची भीती नव्हती, स्कॅनमध्ये काय निघेल याची होती. दादांचं सगळं त्यांनी जवळून बघितलं होतं.

मग मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी मागाजवळ जाऊन बसलो. पैठणी विणताना एक तार तुटली तर अण्णांना ती लगेच दिसते. तिथेच थांबतात, सांधतात, मगच पुढे जातात. मी म्हटलं, “अण्णा, तार तुटलेली चार बोटं विणून झाल्यावर कळली तर?” म्हणाले, “उसवावं लागतं.” “आणि पदर पुरा झाल्यावर कळली तर?” ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “कधी जायचं?”

जून 2024 मध्ये आम्ही नाशिकला गेलो. आधी छातीच्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनी वय विचारलं, हिशोब विचारला, जुना आजार विचारला. पंचविशीत अण्णांना टीबी होऊन गेला होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं! डॉक्टरांनी आधीच बजावलं, “जुना डाग दिसेल. त्याने घाबरायचं नाही. आणि काही सापडलं तर पुढच्या तपासण्या करायची तयारी असेल तरच स्कॅन करा.” हे मला फार पटलं. ज्याला पुढचं काही करायचंच नाही, किंवा ज्याची तब्येत ऑपरेशन झेपण्यासारखी नाही, त्याने स्कॅन करून मिळणार काय?

रिपोर्ट आला. जुना टीबीचा डाग होता. आणि त्याच्याखाली सहा मिलिमीटरची एक छोटी गाठ.

सहा मिलिमीटर म्हणजे वाटाण्याहून लहान. डॉक्टर म्हणाले, “बहुतेक काही नाही. आता सुई घालायची गरज नाही. सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू. वाढली नसेल तर काळजी मिटली.”

सहा महिने. ऐकायला सोपं वाटतं. आईने त्या सहा महिन्यांत किती उपास धरले ते मी मोजले नाहीत. अण्णा साधं खोकले तरी घरातली सगळी माना वळवायची. एकदा रात्री ते मला म्हणाले, “नेलं नसतंस तर बरं झालं असतं.” मला काही उत्तर सुचलं नाही. आकड्यांत ज्याला ‘खोटी घंटा’ म्हणतात ना, ती घरात अशी वाजते.

डिसेंबरमध्ये दुसरा स्कॅन झाला. गाठ होती तेवढीच. एक मिलिमीटरही वाढली नव्हती. आता पुढचा स्कॅन वर्षाने.

मला कोणी विचारलं, पुन्हा ती वेळ आली तर नेशील का? नेईन. पण आधी घरात सगळ्यांना सांगून नेईन की असं काही दिसू शकतं, आणि दिसलं तर थांबावं लागेल. ही तयारी मी केली नव्हती, ती चूक माझी.

सरकार काय करतं?

तुमच्या गल्लीत आशाताई येतात ना फॉर्म भरायला? तीस वर्षांच्या वरच्या लोकांसाठी आपल्याकडे कॅन्सरचं सरकारी स्क्रीनिंग आहे. तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा. फुप्फुसाचा त्यात नाही. पण त्या फॉर्ममध्ये विडी-तंबाखूचा प्रश्न असतो, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकल्याचा असतो, थुंकीतून रक्त पडण्याचा असतो, घरात स्वयंपाकाला कोणतं सरपण वापरता हाही असतो. आमच्या घरी आशाताई आल्या की दादा आतून ओरडायचे, “सगळं नाही लिहा!” तेव्हा आम्ही हसायचो.

आपल्याकडे स्क्रीनिंग जमतच नाही, असंही नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने आणि मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास केला. एक लाख 31 हजारांहून जास्त बायका, खेड्याखेड्यांतल्या. 2009 मध्ये निकाल आला. एचपीव्हीची एकदाच तपासणी केलेल्या गटात मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरात तो अभ्यास वाचला गेला. मराठवाड्यातल्या खेड्यांत हे झालं, मंडळी.

फुप्फुसाचं अवघड आहे, कारण तिथे सीटी मशीन लागतं, ते वाचणारे डॉक्टर लागतात आणि टीबीच्या डागांचा घोळ निस्तरावा लागतो. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला 2016 मध्ये सीटी मशीन ट्रकमध्ये बसवून बाजाराच्या पार्किंगमध्ये उभं केलं, की सामान घ्यायला आलेल्यांनी स्कॅन करून जावं. आता तिथे 55 ते 74 वयाच्या सिगरेट ओढणाऱ्या आणि ओढून सोडलेल्या लोकांसाठी ते देशभर नेतायत. येवल्याच्या आठवडे बाजारात असा ट्रक उभा राहील तेव्हा राहील. तोवर गुणाकार आपल्यालाच करायचाय.

आणि आई?

हा प्रश्न मला माझ्या बहिणीने विचारला. “तुम्ही सगळे पुरुषांचंच बोलताय. आजीने साठ वर्षं चूल फुंकली, तिचं काय?”

बरोबर विचारलं तिने. आपल्याकडे फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्यांमध्ये कधीच विडी न ओढलेले लोक खूप असतात, बायकांमध्ये तर जास्तच. चुलीचा धूर, दुसऱ्याच्या विडीचा धूर, हवेतलं प्रदूषण, हे सगळं धोक्याचं आहे. पण अमेरिका-युरोपातले ते दोन मोठे अभ्यास धूम्रपान करणाऱ्यांवरच झाले. चूल फुंकणाऱ्या बायकांचा दरवर्षी स्कॅन केला तर मृत्यू कमी होतात का, याचा तसा पुरावा आज हातात नाही. तैवानने 2022 पासून घरात फुप्फुसाचा कॅन्सर झालेला असेल त्यांनाही सरकारी तपासणीत घेतलंय.

म्हणून आजीसाठी, आईसाठी आज करायचं ते असं. चूल बंद करून गॅस, निदान स्वयंपाकघराला खिडकी. घरात कोणी विडी ओढणार नाही. आणि खोकला रेंगाळला तर “बायकांना कुठे होतो हा आजार” असं म्हणून टाळायचं नाही.

आज रात्री करायचं काम

चला, आता कामाचं.

एक. घरातल्या पन्नाशीपुढच्या, विडी-सिगरेट ओढणाऱ्या किंवा ओढून सोडलेल्या माणसाचा गुणाकार करा. दिवसाच्या किती, गुणिले किती वर्षं. उत्तर 300 च्या वर असेल तर छातीच्या डॉक्टरांना भेटा आणि सरळ विचारा, “यांना लो-डोस सीटीचा फायदा आहे का? काही सापडलं तर पुढे काय?” जुना टीबी असेल तर सांगा. जुने एक्स-रे गादीखालून काढून सोबत न्या, त्यांची तुलना खूप कामाला येते.

दोन. त्रास असेल तर स्क्रीनिंगचा विचारच नको, आत्ता दवाखाना. दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, नेहमीच्या खोकल्याचा आवाज बदलणं, थुंकीत रक्त, न सांगता उतरणारं वजन, दम, बसलेला आवाज. आधी टीबीची तपासणी होईल, ती सरकारी दवाखान्यात मोफत आहे, करूनच घ्या. टीबी निघाला तर औषध पूर्ण घ्या, मनाने बंद करू नका. पण औषधाने फरक पडत नसेल तर दुसरा प्रश्न विचारा. “डॉक्टर, हे टीबीशिवाय आणखी काही असू शकतं का?” आम्ही हे एक वाक्य चार महिने उशिरा बोललो.

तीन. तुम्ही स्वतः पंचविशीत आहात, कधी विडी-सिगरेट ओढली नाही, आणि कोणी ‘फुल बॉडी पॅकेज’मध्ये छातीचा सीटी गळ्यात मारतंय? नको म्हणा. तुमच्यासाठी त्यात फायद्यापेक्षा कटकट जास्त.

चार. स्कॅन ही विडी ओढायची परवानगी नाही. “रिपोर्ट क्लीन आला, चला पेटवा,” हे मी ऐकलंय लोकांकडून. विडी सोडल्यावर साधारण दहा वर्षांत फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका निम्म्यावर येतो. असा परिणाम कुठल्याच मशीनने येत नाही. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर सरकारची मोफत क्विटलाइन आहे, 1800-11-2356. लिहून घ्या. आणि कॅन्सर निघालाच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार होतात, पैशाच्या भीतीने घरी बसू नका.

पाच. ओरडू नका. “बघा, ओढा अजून!” हे वाक्य आजवर कोणाला दवाखान्यात घेऊन गेलेलं नाही. जवळ जाऊन बसा. त्यांच्या कामाच्या भाषेत बोला. शेतकरी असतील तर पिकावरच्या किडीचं बोला, ड्रायव्हर असतील तर इंजिनाच्या आवाजाचं.

गेल्या महिन्यात संक्रांत झाली. अण्णा गच्चीवर आले. जिन्यात मध्ये एकदा थांबले, मी खालून बघत होतो. वर गेल्यावर दादांची आसारी मागितली. कापडात गुंडाळून ठेवली होती, दोन वर्षं कोणी हात लावला नव्हता. कराच्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी गल्लीतल्या चार पतंगा काटल्या, आणि पाचवीला स्वतःची घालवली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “ढील जास्त दिली रे.”

तर मंडळी, आजचं एवढंच. हा भाग कोणाला पाठवायचा असेल तर फॅमिली ग्रुपवर नुसता फॉरवर्ड करू नका, तिथे सगळे अंगठा दाखवून पुढे जातात. वही घ्या, गुणाकार करा, आणि उद्या सकाळी चहाच्या वेळी त्या माणसाशेजारी बसा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या. शुभ रात्री!